उदासीन कोण : पालक की शासन?

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. येथला उन्हाळा उशिरा ओसरतो, म्हणून राज्याच्या इतर भागांपेक्षा काही दिवस उशीर केला जातो आणि ते योग्यच आहे. पण पावसाने कृपा केली असेल तर नेमक्या याच दिवसांत मंगरूळपीर तालुक्यात पेरणीची घाई असते. पहिलीत दाखल झालेल्या मुलांना फुले देऊन प्रवेशोत्सव साजरा होतो, त्याची छायाचित्रे वरिष्ठांकडे रवाना होतात, आणि त्या छायाचित्रांत आईबाप फारसे दिसले नाहीत की एक ठरलेले वाक्य उच्चारले जाते : पालक उदासीन आहेत. मग वर्षभर हेच वाक्य पुरते. मुलाला अक्षर ओळखता येत नाही, पालक उदासीन आहेत. मूल दिवाळीनंतर शाळेत आलेच नाही, पालक उदासीन आहेत. सभेला कोणी फिरकले नाही, पालक उदासीन आहेत. रोगाचे निदान न करता प्रत्येक रोग्याला एकच पुडी देणाऱ्या वैदूसारखी ही शिक्षणखात्याची रीत झाली आहे.

हे वाक्य वाटते तितके निरुपद्रवी नाही. ज्याच्या हाती सत्ता, पैसा आणि नियम आहेत त्याने आपली जबाबदारी ज्याच्या हाती खुरपे आहे त्याच्या अंगावर ढकलण्याचा हा प्रकार आहे. सुशिक्षित मध्यमवर्गाला हे वाक्य पटते, कारण गरिबाच्या दारिद्र्याला गरिबाचा स्वभाव कारणीभूत आहे, या त्याच्या जुन्या समजुतीला ते पुष्टी देते. खेदाची गोष्ट अशी की, पुरोगामी चळवळीतील कार्यकर्तेही ते न तपासता बोलू लागले आहेत. म्हणून ते एकदा नीट तपासले पाहिजे.

मजुराचा दिवस आणि शाळेचा दिवस

मंगरूळपीर हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा तालुका. सोयाबीन, तूर आणि कपाशी ही येथली मुख्य पिके. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हा तालुका नव्या जिल्ह्यात आला. २००६ साली विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी मदतीची घोषणा केली, त्यांत वाशीम होता. २०१८ साली केंद्र सरकारने मागासलेल्या जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ असे गोड नाव दिले, त्या यादीतही वाशीम होता. नावे बदलली, पण येथल्या बाईचा दिवस बदलला नाही.

जुलै-ऑगस्टात निंदण असते. सप्टेंबरच्या अखेरीपासून सोयाबीनची सोंगणी सुरू होते आणि ती बहुधा एकराच्या हिशेबाने गुत्त्यावर घेतलेली असते. एक माणूस कमी पडला तर साऱ्या टोळीची खोटी होते. त्यानंतर कापसाची वेचणी येते. तिचे पैसे किलोवर मिळतात. जेवढे तास तेवढे वजन, जेवढे वजन तेवढीच भाकर. शेतावर जाणारी बाई सकाळी घर सोडते आणि दिवे लागण्याच्या सुमारास परतते. शाळेची सभा भरते ती शाळेच्या वेळेत, म्हणजे नेमकी याच दोन टोकांच्या मध्ये. त्या सभेस यायचे तर तिला दिवसाची मजुरी बुडवावी लागते. नोकरदार पालक मुलाच्या शाळेत जाण्यासाठी किरकोळ रजा टाकतो आणि त्याचा पगार शाबूत राहतो. मजूर बाईला किरकोळ रजा नाही. तिच्या अनुपस्थितीला उदासीनता म्हणावयाचे असेल, तर पगार कापून घेऊन सभेस यावयाची सक्ती अधिकाऱ्यांवर एक वर्ष करून पाहावी. उदासीनतेचा खरा अर्थ तेव्हा कळेल.

तरीही ही बाई मुलाला शाळेत घालते, हे विसरता येत नाही. वऱ्हाडात गाडगेबाबांनी निरक्षर श्रोत्यांना त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारीत शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले. पोटाला चिमटा घ्या, पण पोराला शिकवा, हा त्यांच्या कीर्तनांचा ध्यास होता. तो उपदेश या मातीत मुरलेला आहे. मजूर आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही असे म्हणणाऱ्याने, ती किंमत आजवर कोणी मोजली, याचा हिशेब काढावा.

कायदा काय सांगतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. पालकांच्या नियमित बैठका घेणे आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, त्याची प्रगती यांविषयी त्यांना माहिती देणे हे त्यांपैकी एक कर्तव्य आहे. म्हणजे घराशी बोलणे ही एखाद्या सहृदय गुरुजींची हौस नाही. तो त्यांच्या कामाचा भाग आहे. कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती निर्माण केली. तिचे तीनचतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असले पाहिजे. शाळेचा विकास आराखडा या समितीने करावयाचा आहे, आणि शाळेला मिळणाऱ्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेखही तिनेच ठेवावयाची आहे. शेतमजूर बाईला शाळेच्या कारभारात बसण्याचा अधिकार देणारा हा कायदा आहे.

मग तो कागदावरच का राहतो? कारण बोलण्यासाठी वेळ लागतो, आणि तो वेळ शासनाने दोन्ही बाजूंनी काढून घेतला आहे. मजुराचा वेळ दारिद्र्याने घेतला. शिक्षकाचा वेळ खात्याने घेतला. त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावता येत नाही. प्रत्यक्षात पोषण आहाराची नोंद, आधार क्रमांकांची जुळवणी, निरनिराळ्या मोहिमांची छायाचित्रे, दर आठवड्याला नवे तक्ते, या चक्रात शिक्षक पिळला जातो. ‘आम्हाला शिकवू द्या’ असा फलक हाती घेऊन शिक्षकांना रस्त्यावर यावे लागले आणि २०२४ साली शासनाला शैक्षणिक व अशैक्षणिक कामांची यादी करून द्यावी लागली, यातच सारे आले. पहिली-दुसरीच्या वर्गात तर एका शिक्षकाकडे अनेकदा दोन किंवा अधिक इयत्ता असतात. एका ओळीला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधायला लावून दुसऱ्या ओळीला अक्षरे गिरवायला देणारा आणि त्याच वेळी खिशातील फोनवर आलेली ‘तातडीची’ माहिती भरणारा शिक्षक एकेका मुलाच्या आईशी निवांत केव्हा बोलणार?

संवादाच्या जागी हुकूम

संवादाचा हा अभाव झाकण्यासाठी फोनवरील पालकांचे गट पुढे केले जातात. प्रत्येक वर्गाचा गट आहे, प्रत्येक सूचना त्यावर जाते, पालक शाळेशी ‘जोडलेले’ आहेत, असा दावा केला जातो. या गटांवरून सहसा काय जाते? उद्या गणवेशात या. आधारची प्रत आणा. अमुक अर्ज भरून द्या. हा संवाद नसून दवंडी आहे. पूर्वी ती डफावर होत असे, आता काचेवर होते. दवंडीला उत्तर देता येत नाही. शिवाय तो फोन दिवसभर बापाच्या खिशात असतो, रिचार्ज संपलेला असतो, किंवा आईला वाचता येत नाही. करोनाच्या काळात मार्च २०२० पासून लहान मुलांचे वर्ग दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिले आणि फोन हीच शाळा ठरली, तेव्हा कोणाची मुले अक्षरांपासून तुटली हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्या अनुभवातून घ्यावयाचा धडा घेण्याऐवजी शासनाने फोनलाच घर आणि शाळा यांच्यामधील कायमचा पूल ठरविले.

या वृत्तीचा कळस २०२४ च्या आरंभी झाला. तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे पत्र शाळाशाळांतून वाटण्यात आले, आणि त्या पत्रासह पाल्य व पालक यांनी आपले छायाचित्र काढून शासनाच्या संकेतस्थळावर चढवावे असे फर्मान निघाले. शाळा आणि कुटुंब यांच्या संबंधाची शासनाची कल्पना यापेक्षा स्पष्टपणे मांडता आली नसती. आई मुलाबद्दल काय सांगते हे ऐकण्याची व्यवस्था नाही. पण आईच्या हाती मुख्यमंत्र्यांचे पत्र देऊन तिचे छायाचित्र घेण्याची व्यवस्था आहे! विद्यार्थ्यांच्या कायम क्रमांकासाठी, म्हणजे ‘अपार’साठी, पालकांची संमतिपत्रे गोळा केली जातात त्याची गोष्ट वेगळी नाही. संमती ऐच्छिक आहे असे कागद म्हणतो. परंतु जो कागद वाचून दाखविला जात नाही त्यावर घेतलेल्या अंगठ्याला संमती म्हणणे ही सावकाराच्या पेढीवरची परंपरा आहे, लोकशाहीची नव्हे.

‘वीस एक’चा धडा

घराला विश्वासात न घेता वर्गात बदल केला की काय होते, याचे उदाहरण फार जुने नाही. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी पद्धत आली. ‘एकवीस’ या रूढ नावाबरोबर ‘वीस एक’ असेही म्हणावे, अशी ती सूचना. तिच्यामागे विचार होता. आकडा लिहिताना दशक आधी लिहावयाचा आणि उच्चारताना एकक आधी म्हणावयाचा, यामुळे लहान मुले गोंधळतात; ‘त्र्याण्णव’सारखी जोडाक्षरे तर त्यांच्या जिभेला पेलत नाहीत. डॉ. मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणितज्ञ विदुषी त्या समितीच्या प्रमुख होत्या, आणि मुलाची अडचण हाच त्यांचा आरंभबिंदू होता.

पण मग काय झाले? वृत्तपत्रांतून गदारोळ उठला, विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या, आणि घरोघरी त्या पुस्तकाची टवाळी झाली. बदल योग्य की अयोग्य, हा वाद घटकाभर बाजूला ठेवू. सात वर्षांचे मूल शाळेत एक ऐकत होते आणि घरी त्याच गोष्टीला हसणारे बाप-काका पाहत होते. त्या मुलाला या ओढाताणीत कोणी ढकलले? नवे पुस्तक छापण्याची यंत्रणा होती, शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची यंत्रणा होती. परंतु गावच्या पारावर बसून आईबापांना ‘हे असे का’ हे समजावून देण्याची आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची यंत्रणा नव्हती. तशी ती असावी असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

ती असती तर ऐकण्यासारखे पुष्कळ होते. खेड्यांतल्या म्हाताऱ्या विसाच्या हिशेबाने मोजत आल्या आहेत. पाच विसा म्हणजे शंभर, हे त्यांना शाळेने शिकविलेले नाही. दिवसभराच्या वेचणीचे वजन आणि त्याची मजुरी तोंडी पडताळून पाहणारी बाई गणित करीतच असते. या घरात गणित आहे, शब्द आहेत, गोष्टी आहेत, बियाण्यांची आणि पावसाची जाण आहे. पहिलीच्या वर्गाने त्यावर उभे राहावयाचे असते. घर म्हणजे कोरी पाटी असे मानून चालणाऱ्या शाळेत मूल पहिल्याच दिवशी दरिद्री ठरते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असे सांगितले ते ठीकच झाले. पण गृहपाठ बंद करणे पुरेसे नाही. घराने शाळेला द्यावयाचे पाठही आहेत, ते कधी सुरू होणार?

कोणाची मातृभाषा?

१६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली. १७ जूनला शब्द फिरविले गेले. आणि लोकांचा संताप पाहून २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमावी लागली. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादण्यास झालेला विरोध रास्त होता, आणि त्यात समाजवाद्यांनीही आवाज उठविला. परंतु त्या साऱ्या कोलाहलात एक प्रश्न विचारलाच गेला नाही. वाशीम जिल्ह्यातील तांड्यावरून पहिलीत येणाऱ्या मुलाची पहिली भाषा कोणती?

ते मूल घरी गोरमाटी बोलते. आईला ते ‘याडी’ म्हणते. बाजारात त्याच्या कानांवर वऱ्हाडी पडते. पुस्तकातील प्रमाण मराठी ही त्याच्यासाठी तिसरी भाषा असते. मराठीच्या अस्मितेसाठी हिरिरीने भांडणाऱ्यांपैकी किती जणांना पोहरादेवीच्या परिसरातील मुलांची ही तिसरी भाषा आठवली? वऱ्हाडी घरातील मूल ‘मले’ म्हणाले की त्याला हसून ‘मला’ म्हणावयास लावणाऱ्या वर्गातही हेच घडते. मूल शिकते ते एवढेच की, आपली माय बोलते ते चुकीचे असते. ज्या दिवशी ते हे शिकते त्या दिवसापासून ते शाळेतले घरी सांगेनासे होते आणि घरचे शाळेत. मंगरूळपीर गावात मराठीप्रमाणे उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. तेथे मूल आपल्या भाषेत शिकते, पण शासनाची परिपत्रके निघतात मराठीत, आणि आईबाप पुन्हा दाराबाहेर राहतात. ज्या गावात दादा हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथांचे मंदिर यांच्या यात्रा-उरुसांना माणसे जातपात न विचारता येतात, त्या गावच्या शाळेला दोन भाषांत एक सूचना देता येऊ नये?

मुलाच्या मातृभाषेतून शिक्षण, जेथवर शक्य असेल तेथवर, असे २००९ चा कायदाही म्हणतो. ‘शक्य असेल तेथवर’ या तीन शब्दांच्या आडोशाला सारे निवांत बसले आहेत. तांड्यावरच्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला पूर्ण वेतन देऊन पहिली-दुसरीच्या वर्गात नेमणे अशक्य आहे काय? अशक्य नाही, ते खर्चाचे आहे, इतकेच. आणि हा खर्च टाळण्यासाठीच २०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागविले गेले. वस्तीवरची शाळा गावापासून काही कोस दूर नेली की मजूर आई तिच्या दारापर्यंत उभ्या जन्मात पोचणार नाही. त्यानंतर पुन्हा म्हणावयास मोकळे : पालक उदासीन आहेत.

हे पूर्वी झालेले आहे

यावर हमखास उत्तर येते ते असे की, हे सारे आदर्शवादी बोलणे आहे, व्यवहारात ते उतरत नाही. ज्यांना इतिहास ठाऊक नाही त्यांनाच असे बोलता येते. विदर्भाच्याच भूमीवर, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि झाकिर हुसेन समितीने मातृभाषेतून व हातांच्या कामातून सात वर्षांच्या शिक्षणाची योजना मांडली. गावचे श्रम आणि शाळेची पाटी यांच्यामधील भिंत पाडणे हा तिचा गाभा होता.

त्याहून बोलके उदाहरण कोकणपट्टीतील आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत रुजले. मुले शाळेत येत नाहीत असे आढळले तेव्हा या दोघींनी आईबापांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरे राखणारी मुले कुरणात असतात तर शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरी राहते तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, ती विकासवाडी. प्रत्येक वेळी अडचण समजून घेण्यासाठी आधी घराचे ऐकावे लागले, आणि मग बदलली ती शाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले, पण त्या नावामागची दृष्टी मात्र सरकारने कोसबाडलाच सोडून दिली. ज्या अंगणवाडी सेविकेला गावातले प्रत्येक मूल आणि प्रत्येक घर माहीत असते, तिला जगण्यापुरत्या मानधनासाठी डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवस संप करावा लागला. पहिलीच्या शिक्षकाने नवीन मुलाविषयी सर्वांत आधी जिला विचारावे ती ही बाई. आणि दुसरी, खिचडी शिजविणारी मदतनीस. घर आणि वर्ग या दोहोंना ओळखणारी ही माणसे व्यवस्थेच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसविलेली आहेत, हा योगायोग नव्हे.

दोष कोठे आहे आणि कोठे नाही

याचा अर्थ प्रत्येक पालक निर्दोष आणि प्रत्येक शिक्षक साधू, असा नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आहेत. शहरात राहून गावात केवळ तासांपुरते येणारे आणि वस्तीत पाऊल न टाकणारे शिक्षकही आहेत. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी शिक्षक एकजुटीने संपावर गेले. ती मागणी न्याय्य होती. परंतु मुलांच्या आईबापांना आपले मित्र करून घेण्याची बुद्धी शिक्षक संघटनांना झाली असती, तर त्या संपाला गावाचे बळ मिळाले असते आणि ‘मास्तरांना पगार कमी आहे काय’ असे कुत्सित बोलणाऱ्यांची तोंडे गावानेच बंद केली असती. मजूर पालक आणि पगारदार शिक्षक यांना एकमेकांसमोर उभे करण्यात शासनाचा फायदा आहे. एकाला उदासीन म्हणावयाचे, दुसऱ्याला कामचुकार म्हणावयाचे, आणि दोघांच्या भांडणात २०२३ च्या ‘दत्तक शाळा’ योजनेसारख्या वाटेने आपली जबाबदारी उद्योगपतींच्या दानधर्मावर सोपवून मोकळे व्हावयाचे, हा डाव ओळखला पाहिजे.

आणि आरसा थोडा आपल्या घराकडेही वळविला पाहिजे. राजाची आणि रंकाची मुले एकाच शाळेत शिकावीत हा लोहियांच्या अनुयायांचा आग्रह होता. कोठारी आयोगानेही १९६६ साली समान शाळापद्धतीची शिफारस केली. आज तालुक्याच्या गावातील बोलके पालक, व्यापारी, वकील, नोकरदार आणि परिवर्तनावर भाषणे देणारे पुढारीही, आपली मुले इंग्रजी फलकाच्या शाळेत घालतात. ज्यांच्या शब्दाला कचेरीत वजन आहे ते सारे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघून गेले, आणि ज्यांना बोलण्याची सवड व धाडस नाही ते मागे उरले. शाळा मुकी झाली ती अशी.

काय मागावयाचे, काय करावयाचे

मागण्या साध्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीची आणि पालकांची सभा सूर्यास्तानंतर किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी, तांड्यावर, वस्तीवर, मोहल्ल्यात भरावी. शिक्षकाचा तो वेळ त्याच्या कामाच्या तासांत धरला जावा. दिवसा बोलवावयाचे असेल तर मजूर पालकाला वर्षातून दोन वेळा तरी अर्ध्या दिवसाची मजुरी सार्वजनिक निधीतून मिळावी. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखविणाऱ्या महाराष्ट्राला हे जड जाऊ नये. पट कितीही असो, पहिली-दुसरीसाठी स्वतंत्र शिक्षक आणि मुलाची घरची बोली जाणणारी वेतनी साहाय्यिका असावी. मोठ्याने वाचून दाखविल्याखेरीज कोणत्याही कागदावर पालकाची सही किंवा अंगठा घेऊ नये. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा शहरातील बांधकामांवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची व्यवस्था दिवाळीच्या आधी झालेली असावी. गाडी निघून गेल्यावर काढलेल्या आदेशाचा उपयोग नाही.

पण मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्याने हात बांधून बसण्याचे कारण नाही. आपल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीची यादी त्याने मिळवावी, आणि यादीतल्या बायांना आपण सदस्य आहोत हे ठाऊक तरी आहे काय, ते घरोघर जाऊन विचारावे. कायद्याचे कलम २१ आणि कलम २४ त्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावे. समितीचे इतिवृत्त सर्वांसमोर वाचले जावे असा आग्रह धरावा. शिक्षकाशी भांडण उकरून न काढता, त्याच्यावर लादलेली शिक्षणेतर कामे लिहून काढून पंचायत समितीच्या दारात त्याच्या बाजूने उभे राहावे. आणि महिन्यातून एक संध्याकाळ, झेंडा व घोषणा घरी ठेवून, शिक्षकाला सोबत घेऊन वस्तीवर बसावे. आयांना एवढेच विचारावे : तुमचे मूल घरी काय बोलते, कशाला भिते, काय करताना रमते?

पहिल्या सभेत उत्तर मिळणार नाही, कारण हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलेला नाही. दुसऱ्या सभेत एखादी सांगेल की, पोराला फळ्यावरचे दिसत नाही; दुसरी सांगेल की, त्याला शाळेत बोलायची लाज वाटते. एवढ्याने एका मुलाची जागा फळ्याजवळ सरकेल आणि दुसऱ्याला त्याच्या भाषेत हाक मिळेल. शासनाच्या कोणत्याही तक्त्यात याची नोंद होणार नाही. परंतु ज्या दिवशी मंगरूळपीरची कापूस वेचणारी बाई शाळेच्या समितीत बसून अनुदानाचा हिशेब मागेल, त्या दिवसापासून तिला उदासीन म्हणण्याची हिंमत कोणा अधिकाऱ्याला होणार नाही. तो दिवस कार्यकर्त्यांनी आणावयाचा आहे, आणि त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.